सातचा तास, अकराचं ऑफिस

सातला पाच मिनिटं कमी असताना मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातल्या कॉमर्स कॉलेजचा जिना मुलामुलींनी भरून जातो. बदलापूर, टिटवाळा, आसनगावहून येणाऱ्यांनी पाचच्या सुमारास घर सोडलेलं असतं. पहिला तास अकाउंट्सचा. फळ्यावर ट्रायल बॅलन्स लिहून होईपर्यंत वर्गात फक्त पंख्यांचा आवाज असतो. बाकाखाली ठेवलेल्या बॅगांमध्ये वह्यांपेक्षा डबा मोठा असतो. हा डबा कॉलेजात उघडायचा नसतो. साडेदहाला शेवटचा तास संपला की निम्मा वर्ग थेट स्टेशनकडे निघतो. कुणी टॅक्स कन्सल्टंटच्या कार्यालयात, कुणी मोबाइलच्या दुकानात, कुणी ऐरोलीच्या एखाद्या बॅक ऑफिसात दुपारच्या पाळीला. डबा तिथे उघडतो.

बी.कॉम. करणाऱ्यांबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. सायन्सला मार्क कमी पडले, आर्ट्सला घरचे नाही म्हणाले, म्हणून पोरगं कॉमर्सला गेलं; तीन वर्षं आरामात काढील. सकाळच्या कॉलेजांत काही आठवडे बसल्यावर, कँटीनमध्ये आणि फलाटावर मुलांशी बोलल्यावर मला या समजाचा राग येऊ लागला. राज्यात नोकरी करत करत शिकणारी मुलं सर्वांत जास्त कुठे दिसत असतील तर ती याच वर्गांत. आणि ज्या विषयाचं ती शिक्षण घेतात, तो व्यवहार ती रोज दुपारी प्रत्यक्ष करत असतात. दुःख एवढंच की सकाळच्या वर्गाला दुपारच्या कामाची काही खबर नसते.

कॉमर्सचं शिक्षण आपल्याकडे सुरू झालं तेही कामाच्या गरजेतूनच. मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं १९१३ मध्ये. पेढ्या, गिरण्या, बँका आणि विमा कंपन्या वाढत होत्या आणि हिशेब जाणणारी माणसं हवी होती. याच कॉलेजात नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या पगारातून शिल्लक टाकून आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन ते अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. पुढे १९४१ मध्ये माटुंग्याला पोदार आणि १९४३ मध्ये पुण्यात बीएमसीसी ही कॉमर्स कॉलेजं आली. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तालुक्या-तालुक्यांत शाखा उघडल्या आणि बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना बँकेची खुर्ची दिसू लागली. दोन पिढ्यांची मध्यमवर्गीय घरं त्या खुर्चीवर उभी राहिली. आता ती खुर्ची तशी सहज मिळत नाही. बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेला बी.कॉम.च्या शेजारी इंजिनियर बसलेला असतो.

परत त्या सातच्या तासाकडे येतो, कारण अकाउंट्सचा तास नीट पाहिला नाही तर हे शिक्षण कळत नाही.

पहिल्या वर्षाला उत्पादन करणाऱ्या व्यवसायाचे फायनल अकाउंट्स असतात. गणित पानभर लांब. कच्चा माल, मजुरी, कारखान्याचं भाडं, यंत्रं, येणी, देणी. त्याखाली अ‍ॅडजस्टमेंट्स. मार्चची मजुरी द्यायची राहिली आहे. यंत्रावर घसारा काढायचा आहे. येण्यांपैकी काही बुडीत गेली आणि उरलेल्यांवर संशयित येण्यांसाठीचा राखीव निधी, म्हणजे आर.डी.डी., करायचा आहे. प्रत्येक अ‍ॅडजस्टमेंटचे परिणाम दोन ठिकाणी होतात, हे सर वर्षभर सांगत राहतात. राहिलेली मजुरी मजुरीत मिळवायची आणि ताळेबंदात देणं म्हणूनही दाखवायची. एक जागा विसरली की शेवटी दोन्ही बाजू जुळत नाहीत. मग सुरू होते शोधाशोध. फरकाला दोनने भागून पाहा, ती रक्कम उलट्या बाजूला गेली असेल. नऊने भाग जातोय का पाहा, आकड्यांची अदलाबदल झाली असेल. या युक्त्या एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जातात. आणि ज्या क्षणी 'टॅली झाली' असा मागच्या बाकावरून आवाज येतो, त्या क्षणी त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही विषयातल्या अस्सल आनंदाइतकं अस्सल असतं. या अभ्यासात शिस्त आहे. एक रुपयासुद्धा वाऱ्यावर सोडता येत नाही, ही शिकवण मला फार मोलाची वाटते.

आता अशाच एका मुलाची दुपार पाहा. ठाण्यातल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी भेटला. छोटी खोली, तीन संगणक, भिंतीला टेकलेल्या फायली. त्याच्याकडे छोट्या दुकानदारांचं जीएसटीचं काम. त्याचा महिना कॉलेजच्या कॅलेंडरवर चालत नाही. ११ तारखेपर्यंत ग्राहकांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, गेलं पाहिजे, १४ ला पोर्टलवर टू-बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचा तक्ता, तयार होतं, २० ला थ्री-बी हे कराचं विवरणपत्र भरायचं. हार्डवेअरच्या एका दुकानदाराने माल घेतला, पुरवठादाराला कराचे पैसेही दिले; पण त्या पुरवठादाराने आपलं विवरणपत्र भरलंच नाही. दुकानदाराच्या टू-बीमध्ये ते बिल दिसत नाही, म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळत नाही. पुस्तकातल्या गणितात असली अडचण कधी येत नाही, कारण तिथे सगळे आकडे दिलेले असतात. इथे या एकोणीस वर्षांच्या मुलाला पुरवठादाराला फोन करावा लागतो. समोरचा माणूस पहिल्यांदा उचलत नाही, मग उचलतो, मग 'आमचे अकाउंटंट गावाला गेलेत' म्हणतो. दुकानदार इकडे चिडलेला. दोघांशी बोलून, बिल पुन्हा मागवून, नंबर तपासून तो मार्ग काढतो. बिलाच्या नंबरातला एक अंक चुकला होता, असंही पुष्कळदा निघतं.

त्याला मी विचारलं, हे कॉलेजात कधी सांगितलंस का? त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "सर कशाला विचारतील?" म्हणाला. टॅक्सेशनच्या तासाला तोच मुलगा मागच्या बाकावर बसून इनपुट टॅक्स क्रेडिटची व्याख्या उतरवून घेतो. वर्गातल्या कुणालाही, शिकवणाऱ्यालासुद्धा, माहीत नसतं की या विषयातला सर्वांत जाणता माणूस त्या खोलीत मागे बसला आहे.

सप्टेंबर हा या मुलांचा सर्वांत कठीण महिना. ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटच्या अहवालाची मुदत. ती सरकारने वाढवली तरी काम कमी होत नाही. रात्री नऊ-दहापर्यंत कार्यालयात थांबावं लागतं आणि पाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरात सेमिस्टरची परीक्षा. हजेरी ७५ टक्के लागते. फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागली की त्यात ही नावं असतात. आई-वडिलांना बोलावणं जातं. एका मुलीची आई धुण्याभांड्यांची कामं बुडवून आली होती. लेक काय काम करते हे तिला ठाऊक होतं, कॉलेजला ठाऊक नव्हतं.

एखादा विषय राहिला तर एटीकेटी मिळते, वर्ष वाचतं. पण फॉर्म, फी, पुन्हा तोच अभ्यास आणि पुढच्या सेमिस्टरचाही, हे सगळं एकावर एक चढतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, तेव्हा सगळ्यात जास्त खोळंबा झाला तो अशाच मुलांचा. ज्यांची नोकरी पदवीच्या कागदावर अडली होती, त्यांना वाट पाहणं परवडणारं नव्हतं. त्या प्रकरणात कुलगुरूंना पद गमवावं लागलं. मुलांचे गेलेले महिने कुणी परत दिले नाहीत.

कॉमर्सला गेलेल्या प्रत्येकाला नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो: "मग सी.ए. करतोयस ना?" त्या प्रश्नाच्या ओझ्याखाली कितीतरी मुलं फाउंडेशनला, म्हणजे सी.ए.च्या पहिल्या परीक्षेला, बसतात. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. एका पेपरात ३९ आले की चारही पुन्हा. त्यानंतर इंटरमीजिएट, मग आर्टिकलशिप म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, मग फायनल. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती. २०२३ मध्ये आलेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आणि इंटरमीजिएटच्या पेपरांचे दोन्ही गट सुटल्यावरच सुरू करता येते. बदल चांगला आहे असं मला वाटतं. आधी एक गट सुटला की मुलगा कामाला लागायचा आणि दुसरा गट वर्षानुवर्षं मागे राहायचा. पण ज्या घरात आर्टिकलशिपच्या तुटपुंज्या स्टायपेंडचीही वाट पाहिली जाते, तिथे ती वाट आता लांबली.

दोन-तीन प्रयत्नांनंतर सी.ए. सोडणाऱ्या मुलांशी कुणी नीट बोलत नाही. त्यांनी कंपनी कायदा, कॉस्टिंग, ऑडिट हे सगळं बी.कॉम.च्या पातळीच्या कितीतरी पुढे शिकलेलं असतं. छोट्या उद्योगांना अशीच माणसं हवी असतात. आणि घरात मात्र 'सोडून दिलं' एवढीच त्यांची ओळख राहते.

आता त्याच कॉलेजच्या इमारतीतला वरचा मजला. तिथे व्यवस्थापनाचं बीएमएस, अकाउंटिंग-फायनान्सचं बीएएफ, बँकिंग-विम्याचं बीबीआय असे सेल्फ फायनान्सचे, म्हणजे विनाअनुदानित, वर्ग. फी अनुदानित बी.कॉम.च्या कित्येक पट, वर्ग छोटे, प्रोजेक्टर चालू. मुंबई विद्यापीठात बीएमएस या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झालं आणि बारावीनंतर लगेच मॅनेजमेंट शिकण्याची हौस घरोघरी पोचली. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदा सीईटी ही प्रवेशपरीक्षा झाली. परीक्षेची बातमीच पुष्कळांपर्यंत वेळेत पोचली नाही. जागा एवढ्या रिकाम्या राहिल्या की ऑगस्टमध्ये सीईटी पुन्हा घ्यावी लागली. बऱ्याच कॉलेजांनी दुसरा मार्ग काढला: बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. वर्ग तोच, शिक्षक तेच, पाटी नवी. मधल्या मध्ये गोंधळले ते बारावी झालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक.

बीएमएसच्या मुलांचं रोजचं जगणं प्रेझेंटेशनचं. टेलर, फेयॉल, मॅस्लोची उतरंड, मार्केटिंगचे चार पी. मुंबईच्या डबेवाल्यांची केस तर प्रत्येक वर्गात होते. हार्वर्डने त्यांच्यावर केस लिहिली हे स्लाइडवर ठळक अक्षरांत येतं. पाचजणांचा गट, त्यातले दोघे काम करणारे, एकजण पीपीटी सजवणारा, उरलेले शेवटच्या स्लाइडला पुढे येऊन उभे राहणारे. हे चित्र सगळीकडे सारखं. पण याच मुलांना मी कॉलेज फेस्टच्या आधी पाहिलं तेव्हा वेगळीच दिसली. स्पॉन्सर मिळवायला ती भर उन्हात दुकानं पालथी घालत होती. एका मिठाईवाल्याने पैसे द्यायला साफ नकार दिला, पण खोके द्यायला तयार झाला. त्याच्या खोक्यांवर फेस्टचं नाव आणि फेस्टच्या बॅनरवर त्याचं. हा सौदा जमवणारी मुलगी वर्गात कधी बोलत नाही असं तिच्याच मैत्रिणीने सांगितलं. ग्राहकाला काय हवं आहे ते ऐकून घेणं, नकारातून वाट काढणं, हातात नसलेला पैसा वस्तूच्या रूपाने मिळवणं: मार्केटिंगचा पेपर यापेक्षा जास्त काय तपासणार आहे?

न बोलण्याचं कारण पुष्कळदा इंग्रजी हेच असतं. जुन्नर, चाळीसगाव, महाडहून मराठी माध्यमात बारावी करून आलेली मुलं पुण्या-मुंबईच्या वर्गात बसतात तेव्हा त्यांचं गणित पक्कं असतं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज त्यांनी घोटून केलेली असते. प्रेझेंटेशनची वेळ आली की तीच मुलं मागे सरकतात. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते अशी सोय पुष्कळ ठिकाणी आहे, पण चांगली संदर्भपुस्तकं इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. पुण्यातल्या एका प्राध्यापक बाईंची पद्धत मला फार आवडली. त्या प्रत्येक नवं प्रकरण आधी एखाद्या विद्यार्थ्याला मराठीत समजावून सांगायला लावतात, मग तेच सगळ्यांनी मिळून इंग्रजीत मांडायचं. "आधी विषय आला पाहिजे, भाषा मागून येते," असं त्या म्हणाल्या. त्यांच्या वर्गातले मागचे बाक रिकामे असतात.

आणि मग तिसरं वर्ष, आणि ब्लॅक बुक.

मुंबईत सेल्फ फायनान्सच्या मुलांना शेवटच्या सेमिस्टरला शंभर मार्कांचं प्रोजेक्ट असतं. काळं कापडी बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, म्हणून ब्लॅक बुक. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत रांगा लागतात. विषय ठरलेले: ऑनलाइन खरेदीबाबत ग्राहकांचं समाधान, यूपीआयचा वापर, म्युच्युअल फंडांविषयी जागरूकता. गूगल फॉर्म तयार होतो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडतो, शंभर मित्र तो भरतात, प्रत्येक प्रश्नाचा पाय चार्ट निघतो आणि शेवटी निष्कर्ष येतो की बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. मागच्या वर्षीच्या ब्लॅक बुकची फाइल कुठे मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. मुलांना मी दोष देत नाही. एका मार्गदर्शकाच्या वाट्याला मुलांची एवढी मोठी यादी येते की त्याला प्रत्येक पान वाचणं शक्यच नसतं, आणि हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

पण त्या ढिगाऱ्यात एक ब्लॅक बुक मला दाखवलं गेलं, त्याबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. नवी मुंबईच्या एका मुलीचं. वडिलांचा भाजीचा ठेला. ते पहाटे वाशीच्या एपीएमसीत जातात, माल घेतात, टेम्पोत टाकून आणतात. मार्गदर्शकांनी तिला यूपीआयचा विषय दिला होता. तिने धीर करून विचारलं, वडिलांच्या धंद्यावर केलं तर चालेल का? ते हो म्हणाले. मग ती महिनाभर रोज रात्री वडिलांसमोर वही घेऊन बसली. कुठली भाजी कितीला घेतली, हमाली किती, टेम्पोचं भाडं किती, कितीला विकली, संध्याकाळी किती उरली, उरलेली उद्या विकली की टाकली. वडील सुरुवातीला वैतागायचे, नंतर स्वतःच आकडे सांगू लागले. टेम्पोचं भाडं प्रत्येक भाजीवर वाटायचं कसं, वजनावर की किमतीवर, हा प्रश्न तिला पडला आणि त्यासाठी तिने कॉस्टिंगचं पुस्तक पुन्हा उघडलं. ओव्हरहेड्सची वाटणी हे प्रकरण तिला परीक्षेच्या वेळी पाठ होतं, कळलं आता.

निष्कर्ष असा निघाला की पालेभाज्यांत जो घसघशीत नफा दिसतो, तो संध्याकाळी उरलेल्या जुड्या हिशेबात धरल्या की जवळजवळ नाहीसा होतो. कांदा-बटाट्यात सुटणारे पैसे कमी, पण ठेला चालतो तो त्यांच्यावर. वडिलांनी पालेभाज्या बंद केल्या नाहीत, कारण त्यांच्यासाठी आलेलं गिऱ्हाईक बाकीचंही घेऊन जातं. पण जुड्या कमी आणू लागले. त्या पुस्तकात पाय चार्ट एकच होता. बाकी पानांवर आधी हाताने आखलेले आणि मग टाइप केलेले तक्ते. व्यवस्थापनशास्त्रात माणसाने जे करायला हवं ते सगळं त्या पानांत आहे: प्रश्न खरा, माहिती स्वतः जमवलेली, उत्तर एका माणसाच्या उपयोगी पडलेलं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. कॉमर्सच्या मुलांकडे शिकण्याची सर्वांत मोठी सामग्री त्यांच्या घरी आणि कामाच्या जागी पडलेली असते. अभ्यासक्रमाने तिला आत घेण्याची गरज आहे. ही कल्पना आपल्या मातीला परकी मुळीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते कमवा आणि शिका याच पायावर. पण आपण त्यातलं कमावणं फीची सोय म्हणून ठेवलं, त्यातलं शिकणं विसरलो.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता दार थोडं उघडलं आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या एक वर्ष आधी. तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंगला चार क्रेडिट्स आहेत. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे एकूण १२० तास. २०२४-२५ ला पहिल्या वर्षात बसलेली तुकडी २०२६-२७ ला तिसऱ्यात पोचते. एवढ्या मोठ्या संख्येने मुलं एकाच वेळी काम शोधायला बाहेर पडणार, तेव्हा काय होईल याचा अंदाज झेरॉक्सच्या दुकानदारालाही आहे: ओळखीच्या माणसाचं लेटरहेड, सही, शिक्का आणि १२० तास पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. ब्लॅक बुकाचं झालं तेच याचं होईल.

ते टाळायचं असेल तर कॉलेजांनी दोन गोष्टी कराव्यात. जो विद्यार्थी आधीपासून नोकरी करतो आहे, त्याचं तेच काम ट्रेनिंग म्हणून मान्य करावं. त्याला आणखी १२० तास दुसरीकडे पाठवणं हा अन्याय आहे. आणि प्रमाणपत्राऐवजी त्याच्याकडून वही मागावी. रोज काय केलं, काय अडलं, कसं सोडवलं, वर्गात शिकलेलं कुठे लागू पडलं आणि कुठे नाही. त्या वहीवर वर्गात चर्चा व्हावी. जीएसटीवाल्या मुलाने उभं राहून टू-बी समजावून सांगावं आणि सरांनीही ऐकावं. मला भेटलेल्या बहुतेक प्राध्यापकांना हे पटतं. त्यांना हवा आहे तो थोडा मोकळा वेळ आणि छोटे वर्ग.

उरलेलं काम तुमचं आहे. हा अंक हातात घेणाऱ्यांत कुणाचं दुकान असेल, कुणाची सी.ए. फर्म, कुणाचा भोसरीत किंवा सातपूरला छोटा कारखाना, कुणी पतसंस्थेचे संचालक असतील. तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी किंवा मुलगा १२० तासांचा कागद घेऊन तुमच्या दारात येईल. त्याला झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला बसवू नका, आणि न येताच सही देऊन मोकळंही करू नका. एक खरी फाइल त्याच्या हाती द्या, एका गिऱ्हाइकाशी त्याला बोलू द्या, चूक झाली तर ती कुठे झाली ते दाखवा. आणि जाताना वही तपासून मगच सही करा.